आडनावातलं गाव

तुम्ही कुणाला त्याचं गाव विचारता, तेव्हा उत्तर ऐकता का? की त्या उत्तरावरून जात, धर्म, बोली आणि ऐपत ताडली की तुमचं काम झालं? आपल्याकडे हा प्रश्न म्हणजे दारावरची झडती असते. आडनावाने भागलं नाही तर गाव, गावाने भागलं नाही तर वाडी. माणसाला कुठल्या रकान्यात बसवायचं ते एकदा ठरलं की प्रश्न संपतो.

आपांचा प्रश्न तिथे सुरू व्हायचा. गावाचं नाव ऐकून त्या ते स्वतः म्हणून बघायच्या. समोरचा हसला, तर पुन्हा म्हणायच्या. ओठ कुठे मिटतात, जीभ कुठे टेकते ते त्याच्या तोंडाकडे बघून हेरायच्या आणि त्याची मान होकारार्थी हलेपर्यंत सोडायच्या नाहीत. मग तो केरळचा असो, सिल्हेटचा असो की सौदीतल्या दम्मामचा. एकदा तर लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या नेपाळी माणसाला त्यांनी इतका वेळ धरून ठेवलं की खालच्या मजल्यावरून फोन आला, लिफ्ट अजून बंद का?

आपा दम्मामशेजारच्या अल-खोबर शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट होत्या. स्ट्रोक येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा बोलतं करणं हे त्यांचं काम. मी त्याच विभागात फिजिओथेरपिस्ट. त्या तोंड सांभाळायच्या, मी हातपाय. त्यांचं खरं नाव मुमताज बाणकोटकर. पण अरबीत कुठलीही गोष्ट छान झाली की लोक 'मुमताज' म्हणतात. त्यामुळे "बँकेत, दुकानात, रस्त्यावर सारखी मागे वळून बघते मी, मान दुखायला लागली," असं सांगत त्यांनी स्वतःच ते नाव बाजूला ठेवलं होतं. सगळ्यांच्या त्या आपा. माझं नाव क्रांती. ते ऐकून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "छान आहे गो. पण या देशात कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी ही हाक मारणार नाही. मी तुला बाय म्हणेन."

नाव वडिलांनी ठेवलेलं. इचलकरंजीत ते यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. अक्षरओळख मला 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवरून झाली. साहजिकच मला प्रत्येक गोष्टीत एक जुलमी आणि एक पिचलेला लगेच दिसायचा. आपांना आधी माणूस दिसायचा, आणि तो जेवलाय की नाही ते. माझं त्यांच्याशी रोज भांडण व्हायचं आणि रोज दुपारचा डबा आम्ही एकत्रच खायचो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी असायची, सौदीतल्या तांदळाला कोकणातल्यासारखं चिकट व्हायला शिकवलंय असं त्या म्हणायच्या.

त्यांच्या कामाची रीत आमच्या विभागात कुणाचीच नव्हती. वाचा गेलेल्या माणसाकडून पहिला शब्द कोणता काढायचा, हे थेरपिस्ट ठरवतो. बहुतेक जण पाणी, दुखतं, हो, नाही इथून सुरुवात करतात. आपा गावाच्या नावाने करायच्या. नातेवाइकांना गाठून, घरी ते नाव कसं म्हणतात ते त्या तोंडपाठ करायच्या आणि मग रुग्णासमोर खुर्ची टाकून बसायच्या. मी एकदा म्हटलं, "आपा, त्याला तहान लागली तर? पाणी आधी शिकवायला नको का?"

"तहान लागली तर माणूस बोट दाखवतो," त्या म्हणाल्या. "गाव इथून बोटाने दाखवता येत नाही. ते तोंडानेच सांगावं लागतं."

आणि ते चालायचं, हे मी पाहिलं आहे. साइटवर ज्याला सगळे नुसतं 'सदीक' म्हणत, म्हणजे अरे मित्रा, त्या बांगलादेशी गवंड्याने महिनाभराने गावाचं नाव उच्चारलं आणि लगेच मागोमाग बायकोचं. जणू त्या गावात शिरल्याशिवाय तिच्या दारापर्यंत जाताच येत नव्हतं. हफ्र अल बातिन शहराकडची एक बेदुईन आजी होती. तिच्या माणसांना गाव विचारलं तर ते गोंधळले. उंटांमागे हिंडलेली बाई, तिला कसलं गाव? आपांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी मुलगा म्हणाला, वाळवंटात खणलेल्या विहिरींपाशी आम्ही उन्हाळे काढायचो, त्या विहिरींवरूनच पुढे शहराला नाव पडलं. आजीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'हफर', म्हणजे खणलेली जागा. आपा मला म्हणाल्या, "हिचं गाव म्हणजे पाणीच निघालं बघ. तुझंही ऐकलं, माझंही ऐकलं."

अशा वेळी आमच्याकडे विंडमभाई आले.

इंग्रज. तेल आणि गॅसच्या प्लांटवर मीटर, व्हॉल्व्ह, दाब मोजायची यंत्रं बसवणारा इंजिनियर. तरुणपणी इथे आला, निवृत्त झाला तरी सल्लागार म्हणून दर वर्षी नवा करार करत इथेच राहिला. लग्न केलेलं नाही. एक दिवस फ्लॅटच्या जिन्यात कोसळलेला सापडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं, हे डोळ्यांवरून कळायचं. बोलता मात्र एक अक्षर येत नव्हतं.

फायलीवरचं त्यांचं आडनाव बघून सगळा वॉर्ड अडखळला. लिहिल्याबरहुकूम वाचलं तर ते 'वायमंडहॅम' होत होतं. फिलिपिनो नर्सेस 'मिस्टर वाय' म्हणून मोकळ्या झाल्या. इजिप्तच्या मेडिकल डायरेक्टरांनी पहिली दोन अक्षरं म्हणून बाकीचं हाताने झटकून टाकलं. आपा मात्र फाइल मिटून बसल्या. "याच्या घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही."

"आपा, दिवस वाया चाललेत," मी म्हटलं.

आणि ते खरंच होतं. विमा कंपनीने त्यांना इंग्लंडला नेऊन एका वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं होतं. कागद तयार होत होते. डायरेक्टर आपांना स्पष्ट म्हणाले होते की पेशंटने स्वतः त्याची इच्छा तोंडाने सांगितली, तर मी ती लिहीन आणि सगळ्यांना ती विचारात घ्यावी लागेल. नाही बोलला तर दूरचा एक पुतण्या सही करेल आणि खलास. उरलेलं आयुष्य कुठे काढायचं यात त्या माणसाचा शब्द धरला जाणार की नाही, एवढंच पणाला होतं. पण एवढंच म्हणजे सगळंच.

दोन दिवसांनी त्यांची बहीण फोनवर सापडली. मार्गरेटबाई, ऐंशीच्या पुढच्या, नॉरफोक नावाच्या परगण्यात समुद्राजवळ एकट्या राहणाऱ्या. आपांनी नाव विचारताच पलीकडून हसण्याचा आवाज आला. "विंडम," त्या म्हणाल्या. "मधली अक्षरं आम्ही केव्हाच खाल्ली."

पुढचा अर्धा तास आपांना दुसरं काही सुचलं नाही. मार्गरेटबाई निवृत्त शिक्षिका निघाल्या, त्यांनाही उत्साह आला. आडनाव गावावरून आलेलं. नॉरफोकमध्ये त्या नावाचं गाव अजून आहे. फार जुन्या काळी विग्मुंड नावाच्या कुणा माणसाची तिथे वस्ती होती. 'हॅम' म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत घर, वस्ती. विग्मुंडची वस्ती. हजारएक वर्षं लोक ते नाव घेत राहिले आणि ते झिजत झिजत विंडम झालं. लिहायचं मात्र जुनंच राहिलं. गंमत म्हणजे दुसऱ्या एका परगण्यात याच स्पेलिंगचं आणखी एक गाव आहे आणि तिथले लोक मधलं काही न खाता नाव म्हणतात. एखादा परका चुकीच्या गावात चुकीचा उच्चार करतो आणि दोन्हीकडचे लोक त्याला हसतात.

फोन ठेवल्यावर माझं डोकं फिरलं होतं. "बघितलंत? लिहायचं एक, म्हणायचं एक, आणि लिहिलेलं वाचणाऱ्याला हसायचं. आमच्या शाळेत पोरांना याच भाषेच्या उच्चारांवरून रडवतात. देश गिळले तशी अक्षरं गिळली यांनी."

"देश गिळले ते वेगळे गो," आपा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "आडनाव ह्या म्हाताऱ्याच्या वाडवडलांचं. उंबरा कसा मध्ये खोलगट होतो? रोज त्यावरून माणसं जातात म्हणून. नाव पण रोज तोंडातून गेलं की झिजतं. आपण रत्नागिरीला रत्नांग्री म्हणतोच ना? तेव्हा कोण कुणाला गिळतं?"

मी म्हटलं, "आणि तुमच्या बाणकोटच्या किल्ल्याचं काय? सरळ फोर्ट व्हिक्टोरिया करून टाकला. स्वतःच्या राणीचं नाव आमच्या किल्ल्याला."

"ती राणी तेव्हा जन्माला पण आली नव्हती," आपा शांतपणे म्हणाल्या. "किल्ला त्याच्या कितीतरी आधी घेतला त्यांनी. तुझ्या पत्रकात दुरुस्त कर. आणि आज बाणकोटला जाऊन फोर्ट व्हिक्टोरिया विचार. बोट दाखवायला माणूस मिळणार नाही. आम्ही ते नाव तोंडातच घेतलं नाही. मग ते राहील कुठे?"

या इंग्रज पेशंटला मी साहेब म्हणणार नाही, असंही मी त्याच दिवशी जाहीर केलं. "बरं, भाई म्हणू," आपा म्हणाल्या. तेव्हापासून ते विंडमभाई.

दुसऱ्या दिवशी आपांनी त्यांच्यासमोर खुर्ची टाकली आणि अगदी मार्गरेटबाईंसारखं, मऊ 'विंडम' म्हटलं. विंडमभाईंनी त्यांच्याकडे सौजन्याने बघितलं. तिसऱ्या दिवशीही सौजन्याने बघितलं. आठवडाभराने ते खिडकीकडे तोंड फिरवू लागले. आपांनी रेकॉर्डिंग ऐकवलं, गावातल्या चर्चचे फोटो दाखवले, बहिणीकडून ते नाव फोनवर म्हणवून घेतलं. ओठसुद्धा हलले नाहीत. इकडे विमानाची चौकशी सुरू झाली होती. डायरेक्टर दारातून डोकावून भुवया उंचावायचे आणि आपा नकारार्थी मान हलवायच्या. दुपारी आपा भाकरीला हात लावायच्या नाहीत. डबा उघडून तशाच बसायच्या.

एका दुपारी मी विंडमभाईंच्या उजव्या हाताचा व्यायाम घेत होते. आपा शेजारी बसल्या होत्या, पण त्यांनी त्या दिवशी त्यांचे फोटो आणि रेकॉर्डिंग आणलंच नव्हतं. हरल्यासारख्या त्या माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत होत्या. विषय माशांवर आला. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याचं स्पेअर पार्टचं दुकान कसं होतं, समुद्र आजच्यापेक्षा जवळ कसा होता, सुरमईला इथे 'कनाद' म्हणतात हे माहीत नसल्यामुळे पहिल्या दिवशी त्या रिकाम्या हाताने परत कशा आल्या. मराठीतच चाललं होतं. "तेव्हा खोबर एवढंसं होतं गो. खोबरमध्ये सगळे सगळ्यांना ओळखायचे. खोबरची संध्याकाळ म्हणजे..."

"खुबर."

माझ्या हातातला लुळा हात आपसूक ताठ झाला होता. विंडमभाई आपांकडे बघत होते. आवाज खरखरीत, पण शब्द स्वच्छ. आपल्यासारखा 'ख' नव्हे. घशाच्या तळातून, घासून आलेला, इथल्या म्हाताऱ्या मच्छीमारांचा 'ख'.

आपांनी हळूच म्हणून बघितलं, "खोबर."

विंडमभाईंनी मान हलवली. नाही. "खुबर."

आपांनी घसा साफ केला. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. इतकी वर्षं इथे काढलेली बाई, जगभरच्या गावांची नावं अचूक म्हणणारी, स्वतः राहते त्या शहराचं नाव आपल्या कोकणी जिभेने म्हणत आली होती, कारण ते तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, आवाज घशात खोल नेला आणि म्हणाल्या, "खुबर."

विंडमभाईंनी मान डोलावली. मग त्यांच्या तोंडाची चालणारी डावी बाजू हसली.

आपा बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्या आणि बाकावर बसल्या. मला वाटलं त्या आनंदाने रडतील. त्या स्वतःवर चिडल्या होत्या.

"चूक माझी आहे बाय. मी बाणकोटकर, म्हणून बाणकोटची. तो विंडम, म्हणून विंडमचा. मी त्याला त्याचं गाव विचारलंच नाही, त्याचं आडनाव विचारलं. कोकणातलीच बाई अशी चूक करणार. आपल्याकडे आडनाव सांगितलं की गाव सांगून झालं." मग म्हणाल्या, "आणि विचार कर. बाणकोटमध्ये कुणी कुणाला बाणकोटकर म्हणतं का? तिथे तर सगळेच बाणकोटचे. ज्याने गाव सोडलं, त्यालाच पुढच्या गावात ते नाव चिकटतं. विंडममध्ये राहिला असता तर ह्याचा पणजोबा विंडम झालाच नसता. आडनाव म्हणजे राहतो ते गाव नव्हे गो. सोडलेलं गाव."

माझ्या वडिलांच्या सगळ्या पत्रकांत मला इतकं धारदार वाक्य सापडलेलं नाही.

त्यानंतर काम भराभर झालं. खुबरच्या मागोमाग शब्द येऊ लागले. मासा. समुद्र. चहा. त्यांच्या इमारतीच्या राखणदाराचं नाव. होय आणि नाही पक्कं झालं, मग दोन शब्दांची जोडणी. एका सकाळी डायरेक्टर, एक नर्स, आपा आणि मी त्यांच्या खाटेभोवती उभे होतो. डायरेक्टरांनी इंग्रजीत विचारलं, तुम्हाला घरी जायचंय का?

"घर," विंडमभाई म्हणाले. "होय."

आपांचा चेहरा उतरला. हे उत्तर इंग्लंडच्या खात्यात जमा होणार होतं. पण डायरेक्टर भला माणूस. त्यांनी पेन टेकवलं नाही. विचारलं, घर कुठे आहे?

"खुबर."

डायरेक्टरांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं. मग ते उत्तर जसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली आणि आपांना अरबीत म्हणाले, "मुमताज." या वेळी ते नाव होतं की शाबासकी, कुणी विचारलं नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. त्यांची इच्छा सगळ्यांनी वाचली. सगळ्यांना वाईट वाटलं. पण इकामा, म्हणजे इथल्या वास्तव्याचा कागद, नोकरीला बांधलेला असतो, आणि माणूस पडल्यावर करार संपला होता. ज्या शहरात तारुण्य आणि म्हातारपण दोन्ही गेलं, तिथे आजारी पडून राहायचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. आमच्यापैकी कुणाकडेच नसतो. गवंड्याकडे नाही, इंजिनियरकडे नाही. निदान या एका बाबतीत गोरा आणि काळा सारखे, हे कळून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी रागाने एक लांबलचक पत्र लिहून आपांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे पत्रक आहे गो, अर्ज नाही," त्या म्हणाल्या. "आणि पत्रक म्हणून चांगलं आहे. ठेव जपून." त्यांनी स्वतः एका पानाचा साधा अर्ज केला. त्याचा एवढाच उपयोग झाला की कुठल्याशा लांबच्या शहराऐवजी मार्गरेटबाईंच्या घरापासून जवळचा वृद्धाश्रम ठरला.

बहिणीला सांगायचं काम आपांवर आलं. भाऊ बोलायला लागला हे तिला कळलं होतं आणि ती ऐकायला आतुर होती. आपांना धास्ती होती. ऐंशी ओलांडलेली म्हातारी कान देऊन बसणार, आणि भाऊ तिचं नाव न घेता भलत्याच गावाचं घेणार. व्हिडिओ कॉल लावला. मार्गरेटबाईंनी बरा कार्डिगन घातला होता, केस विंचरले होते. विंडमभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, ओठ जुळवले आणि म्हणाले, "खुबर."

मार्गरेटबाई आपांना म्हणाल्या, "दर ख्रिसमसला मी त्याला विचारायची, घरी कधी येतोस? तो म्हणायचा, घरीच आहे. मला वाटायचं चिडवतोय."

आपा म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटू देऊ नका."

"वाईट वाटतंय," मार्गरेटबाई म्हणाल्या. "पण तो मुद्दा नाही. इथे आल्यावर त्याच्याभोवती एकही माणूस हे नाव नीट म्हणणारा नसेल. मला शिकवाल का?"

आणि आपा शिकवू लागल्या. मी तो तास कधी विसरणार नाही. इकडे बाणकोटची बाई, पलीकडे नॉरफोकची, आणि मधे एक अरबी अक्षर. "पाणी पिताना ठसका लागतो ना," आपा सांगत होत्या, "तो जिथे लागतो तिथून काढा." मार्गरेटबाईंनी प्रयत्न केला आणि त्यांना खराच ठसका लागला. पाणी पिऊन आल्या. पुन्हा म्हटलं. 'कोबर' झालं, 'होबर' झालं. खाटेवरून विंडमभाई दर वेळी नाही म्हणत होते, अजिबात दया न दाखवता. आपा कडक होत्या, बहीण चिवट होती. शेवटी कधीतरी त्या म्हातारीच्या घशातून तो शब्द निघाला, थोडा थरथरत, पण खरा. विंडमभाईंनी डोळे मिटून मान डोलावली. मार्गरेटबाईंनी तोंडावर हात ठेवला. इंग्रजांनी आमचं एकही नाव कधी नीट शिकून घेतलं नाही, असं मी तोवर भाषणातही सांगत आले होते. आता ते वाक्य मी बदलून बोलते.

आठवड्याने त्यांना नेलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये जाईपर्यंत आपांनी त्यांचा उजवा हात, न हलणारा, आपल्या हातात ठेवला होता. नंतर मार्गरेटबाई अधूनमधून कळवायच्या. वृद्धाश्रमातल्या परिचारिकांनाही त्यांनी तो शब्द शिकवला होता. सकाळी पडदे उघडताना त्या विचारतात, आज खुबरमध्ये हवा कशी आहे? आणि ते सांगतात.

आपा त्यांच्यानंतर वर्षभरात भारतात परत गेल्या. करार पुढे वाढला नाही. त्यांच्या जागी नूरा आली, इथलीच तरुण मुलगी, आपांनीच तयार केलेली. जागेवर तिचा हक्क होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती पेशंटसमोर खुर्ची टाकून त्याच रीतीने बसते. पण आपांचा नवरा इथल्या कबरस्तानात आहे, मुलगा कॅनडात, आणि बाणकोटच्या घरात वर्षानुवर्षं कुणी राहिलेलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी आम्ही कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, बसलो होतो. समुद्राकडे बघत त्या म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांना गाव विचारलं. मला कुणी विचारलं असतं, तर मी पटकन बाणकोट म्हटलं असतं. खोटं नव्हतं ते. पण अर्धं होतं." दम्मामच्या विमानतळावर मला मिठी मारून म्हणाल्या, "यल्ला, बाय," म्हणजे चल आता, आणि मागे न बघता आत गेल्या.

महिन्याभराने फोन आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"आडनाव बदललं गो माझं," आपा म्हणाल्या. "इथे मला कुणी बाणकोटकर म्हणत नाही. खोबरवाली म्हणतात. नव्या लोकांना वाटतं मी नारळ विकते."

मी हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "हाक मारतात तेव्हा त्या शहराचं नाव चुकीचं म्हणतात. सांगून सांगून दमले. कुणाला ऐकायला वेळ नाही. म्हणतात, काय फरक पडतो? तू एकदा म्हण ना बाय, नीट."

मी फोन कानाशी धरून, खिडकीखाली गाड्यांचे हॉर्न वाजत असताना, घशाच्या तळातून म्हटलं. पलीकडून आपांनी ते माझ्यामागोमाग तसंच म्हटलं.

प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागणी असते. माझी मागणी कुठल्या सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या आळीत, चाळीत, सोसायटीत आखातातून कायमचं परत आलेलं कुणीतरी नक्की असेल. तो मस्कतहून आला असला तरी लोक त्याला दुबईवालाच म्हणत असतील. आज त्याच्याकडे जा. किती कमावलंस ते विचारू नका, सोनं आणलंस का ते विचारू नका. तिथे कुठल्या शहरात, कुठल्या गल्लीत राहत होतास एवढंच विचारा. तो नाव सांगेल. ते त्याच्यासमोर म्हणून बघा. चुकेल, तो सुधारेल, पुन्हा म्हणा. आणि त्याची मान हलेपर्यंत उठू नका.